आजोबा जेवले का, तेवढं सांग

मुक्काम छावणीची शाळा, इयत्ता तिसरीचा वर्ग, खिडकीजवळ.

तीर्थरूप लमाय मावशीच्या पायांशी खेमचा हात जोडून आणि कपाळ चटईला टेकवून नमस्कार. (कपाळ खरोखर टेकवलं आहे. चटई सरकारी आहे आणि तिच्यावर आधीच्या कुटुंबानं माशाचा रस्सा सांडला होता, तेव्हा या नमस्काराचं मोल तू जाणशील.) तुझा उजवा गुडघा कसा आहे? बँकॉकच्या त्या पुलाखाली दिवसभर गाडीपाशी उभं राहून कोशिंबिरीसाठी कच्ची पपई कुटायची, म्हणजे गुडघ्यानं तरी किती सोसायचं. काकांचा खोकला, तुझं लाकडी उखळ आणि गिऱ्हाइकाच्या ताटात तोंड घालणारं ते मांजर, सगळे सुखरूप असोत. इकडे आई बरी आहे, बाबा बरे आहेत, आजी बरी असून आपण बरी नसल्याचं रोज सांगते आहे. थोडक्यात, आम्ही सगळे जिवंत आहोत. हे वाक्य मी पत्राच्या शेवटी ठेवणार होतो, वाचणाऱ्याची ओढ टिकावी म्हणून. पण आई म्हणाली, ते आधी लिही, नाहीतर तुझी मावशी पहिल्याच पानावर रडायला लागेल आणि पुढचं सगळं पुसून जाईल.

हल्ली पत्र कोण लिहितं, असं तू म्हणशील. पण मावशी, हे तूच ओढवून घेतलं आहेस. तूच आईला फोनवर सांगितलंस ना, की आता तुझा टीव्हीवर विश्वास नाही, फोनमधल्या चित्रावर नाही आणि फोनमधल्या आवाजावर तर मुळीच नाही, कारण आवाजसुद्धा यंत्रानं बनवतात म्हणे. खेमच्या हातचं पत्र आलं तरच मी खरं मानीन, कारण इतकं घाणेरडं अक्षर काढणारं यंत्र अजून निघालेलं नाही. आईनं हे मला शब्दन् शब्द सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती. असो. मोठ्यांचा मान ठेवून मी घाणेरड्या अक्षरात लिहायला बसलो आहे.

आधी इथलं सांगतो. सीमेवर तोफा सुरू झाल्या त्या दिवशी आम्हाला बसमध्ये घालून आतल्या तालुक्यातल्या या शाळेत आणलं. वर्ग वाटून दिले, त्यात आमच्या वाट्याला तिसरीचा आला. समोर फळ्यावर फळांची चित्रं, भिंतीवर पाढे. ज्या मुलानं कॉलेज अर्ध्यावर सोडलं त्याला नशिबानं तिसरीत आणून बसवलं, असं आमचे गावचे मुखिया थाविलकाका सगळ्यांसमोर म्हणाले आणि सगळे पोट धरून हसले. मी हसलो नाही. थाविलकाकांच्या विनोदावर रागवायचं नाही असं मी मनाशी ठरवलेलं आहे, कारण ते दुआनचे वडील आहेत. पण न रागावता हसायचं सुद्धा, इतकी साधना माझ्याच्यानं होत नाही.

दुआनबद्दल तुला आई थोडंफार बोलली असेल. जे बोलली असेल ते निम्मंच खरं आहे. मी कॉलेज का सोडलं याच्यासुद्धा गावात इतक्या बातम्या आहेत की त्यातली खरी कुठली हे आता माझं मलाच आठवावं लागतं. कोणी म्हणतं, मास्तरावर हात उगारला. (उगारला होता. पण तो निराळ्या दिवशी.) कोणी म्हणतं, नापास झाला. खरी गोष्ट अशी की दुआन सुट्टीत गावी आली होती, तळ्याच्या काठावर पाय सोडून बसली होती आणि म्हणाली, शहरात जीव रमत नाही रे, गावच बरं. मी त्याच आठवड्यात वायरिंगचा कोर्स, वसतिगृहाची खोली आणि भांडून मिळवलेला पंखा सोडून गावी परतलो. पुढच्या सोमवारी ती नर्सिंगच्या कोर्सला शहरात परत गेली. तिनं ते वाक्य सहज म्हटलं होतं. बातमी नीट पारखून न घेता माणूस घाईनं पाऊल उचलतो तेव्हा काय होतं, हे मला लढाईच्या आधीपासून ठाऊक आहे, एवढंच सांगायचं होतं.

आता बातम्यांकडे वळतो, कारण या छावणीत भातापेक्षा बातम्या जास्त शिजतात. मावशी, लढाई आमच्या शेताच्या टोकाशी चालू आहे, पण तिची बातमी आधी बँकॉकला जाते, तिथे न्हाऊन-माखून, कपडे बदलून आमच्याकडे परत येते, आणि आम्ही तिला ओळखत नाही. टीव्हीवर नकाशा दाखवतात, त्यावर लाल बाण धावतात. एक बाण सरळ आमच्या गोठ्यावरून गेला तेव्हा आजीनं खांद्यावरचं फडकं डोक्यावर घेतलं. आपल्या बाजूची बातमी म्हणते की पलीकडचे सगळे गारद झाले. पलीकडे कंबोडियात आईची चुलत बहीण राहते, तिचा फोन लागला तर ती विचारत होती, तुमच्याकडे कोणी उरलंय का, कारण तिच्या टीव्हीवर आम्ही सगळे गारद झालो आहोत. दोन्हीकडच्या बातम्या खऱ्या मानल्या तर ही लढाई आता फक्त बातमीदारच लढत असणार.

त्यातला एक आमच्याच छावणीत आहे. डोक्याला लोखंडी टोप, छातीला चिलखत, आणि उभा कुठे, तर स्वयंपाकघराच्या मागच्या बांबूच्या बेटापाशी. खाली वाकून, धापा टाकत तो सांगत होता की मी अगदी आघाडीवर आहे. आणि चित्रात न दिसणाऱ्या जागी, त्याच्यापासून हाताच्या अंतरावर, वान्नाकाकू वांगी चिरत बसल्या होत्या. मला राहवलं नाही. मी जाऊन त्याची कॉलर धरली आणि म्हटलं, आघाडी तिकडे आहे, चल दाखवतो. तो बिचारा काकुळतीला येऊन म्हणाला, दादा, कचेरीतून सांगतात की मागे झाडं दिसू द्या आणि श्वास लागू द्या, मी तरी काय करू? वान्नाकाकू म्हणाल्या, त्याला सोड, तो आपल्याकडचं जेवण चांगलं आहे असंही सांगतो, आणि ते तरी खरं आहे ना?

पण मावशी, टीव्हीला नावं ठेवून उपयोग नाही, कारण आपल्या लोकांची बातमी पारखायची रीत त्याहून अजब. पहिली रीत कमळांची. रोज सकाळी गावाच्या ग्रुपवर त्या त्या वाराच्या रंगाची शुभेच्छांची चित्रं येतात, सोमवारी पिवळी कमळं, मंगळवारी गुलाबी, बुधवारी हिरव्या पानांसकट. (कोण पाठवतं याबद्दल मी सध्या काही बोलत नाही.) ज्या बातमीच्या डोक्यावर कमळ आहे आणि जिच्या शेवटी दीर्घायुष्य लाभो असं लिहिलं आहे, ती खोटी कशी असेल, असं आमच्या आजीपासून सगळ्यांचं मत. आणि दुसरी रीत सोडतीची. बातमीत एखादा आकडा असला, घराचा, गाडीचा, तोफगोळ्याचा, तर तो आकडा सोडतीत लागतो का बघायचं. लागला तर बातमी खरी. या कसोटीचे पंच म्हणजे वान्नाकाकू. भाताला आधण ठेवता ठेवता त्या निवाडा देतात.

तर त्या मंगळवारी सकाळी गुलाबी कमळांचं चित्र आलं आणि त्याच्याखाली लिहिलेलं होतं, शुभ मंगळवार, आरोग्य लाभो, सावांगआजोबांच्या घरावर गोळा पडला.

सावांगआजोबा म्हणजे दुआनच्या आईचे वडील. बस आली तेव्हा ते एकटेच गावात मागे राहिले, कारण त्यांच्या थुई म्हशीला बसमध्ये घेत नव्हते. थुई नाही तर मी नाही, एवढं बोलून ते घराखालच्या बांबूच्या बाजेवर जाऊन बसले. फोन आहे, पण बंद. लढाई किती चालेल सांगता येत नाही, बॅटरी जपून वापरली पाहिजे, असं म्हणून त्यांनी तो पहिल्या दिवशीच बंद करून ठेवला. दोन दिवस रस्ताही बंद होता, त्यामुळे जाऊन बघायची सोय नव्हती. बातमीला इतकी मोकळी जागा मिळाल्यावर तिनं हातपाय पसरले. सकाळी गोळा पडला होता. भाताच्या वेळी घर जळालं. दुपारी आजोबा गेले. संध्याकाळी त्यांचे शेवटचे शब्दसुद्धा आले, आणि ते इतके गोड होते की तिथेच मला संशय यायला हवा होता.

दुआन तिच्या कोर्सच्या मुलींबरोबर छावणीत मदतीला आली आहे. पांढरे बूट घालून म्हाताऱ्यांचा रक्तदाब बघते. ती बातमी वाचल्यावर आमच्या आजीचा रक्तदाब तिनं तीनदा घेतला आणि तिन्ही वेळा लिहायची विसरली. मी गेलो. मी काय शहाणपण शिकवलं म्हणून सांगू. बातमी कुठून आली, कोणी पाहिलं, कोणी नुसतं ऐकलं, चित्रातला धूर कुठल्या दिशेचा, सगळं तिला समजावून सांगितलं, अगदी मास्तरासारखं. तिनं पट्टा गुंडाळून ठेवला आणि म्हणाली, "मला बातमी नको, खेम. आजोबा जेवले का, तेवढं सांग."

मावशी, इतके लाल बाण, इतके टोपवाले, इतकी कमळं, आणि एवढंसं कोणालाच सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोडत होती. आजोबांच्या घराचा आकडा अठ्ठेचाळीस. छावणीत तो आकडा मिळेनासा झाला इतक्या लोकांनी घेतला. (दुःखात आकडा घेऊ नये असं कोणी म्हणालं नाही; उलट आजोबांची आठवण म्हणूनच घेतला.) आणि लागला चौऱ्याऐंशी. कोणालाही वाटेल, चला, आकडा पडला, बातमी पडली. पण वान्नाकाकूंनी पळी खाली ठेवली, डोळे मिटले आणि निवाडा दिला: आकडा उलटा लागला, म्हणजे गोळा उलट्या बाजूनं आला, मागच्या अंगणातून. बाकी सगळं खरं. त्यावर कोणाला शंका राहिली नाही. ज्या दोघाचौघांनी उलटा आकडाही घेऊन ठेवला होता त्यांनी कृतज्ञ होऊन आजोबांच्या नावानं भिक्षूंना जेवण द्यायचं ठरवलं, कोंबड्या सांगितल्या, नारळाच्या दुधाची खीर सांगितली. थाविलकाका, जे एरवी आपल्या सासऱ्याचं नाव निघालं की पाण्याची तक्रार असल्यासारखं तोंड करतात, ते पायरीवर बसून राहिले आणि तिसरीच्या वर्गावर एक विनोद केला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की गुरांना चारा घालायला थोडा वेळ रस्ता उघडला आहे. एरवी माणसं धावली असती. पण आजोबांच्या गल्लीकडे जायला कोणी उठेना. ज्याचं घर पडलं हे पक्कं ठाऊक आहे ते बघायला कशाला जायचं? इकडे जेवणाची तयारी सुरू होती, भिक्षू उन्हं डोक्यावर यायच्या आत जेवतात, तेव्हा वान्नाकाकूंना फुरसत नव्हती. मी त्यांच्या मुलाची मोटरसायकल उचलली. त्यांनी पळी उगारून विचारलं, कुठे चाललास? म्हटलं, आजोबा जेवले का बघून येतो. त्या म्हणाल्या, वेड लागलंय पोराला, आणि जाताना हळूच भाताचा एक पुडा गाडीला अडकवला. बघ मावशी, निवाडा देणारीचासुद्धा निवाड्यावर पुरता विश्वास नसतो.

आता मी कसा गेलो ते काय वर्णावं. डोक्यावर तोफा गडगडत होत्या. उजवीकडे धूर, डावीकडे ओसाड शेतं. नाक्यावरचा शिपाई म्हणाला, जीव नकोसा झालाय का? मी म्हटलं, जिवाचंच काम आहे. पुढे रस्त्यावर मी, मोटरसायकल आणि मरण, तिघेच होतो. दुआनचं नाव घेतलं आणि वेग वाढवला.

गावात शिरलो तर आजोबांचं घर जसंच्या तसं. खांब उभे, छप्पर उभं, मागच्या अंगणात खड्डासुद्धा नाही. खाली बाजेपाशी आजोबा निखाऱ्यावर मासा भाजत उकिडवे बसलेले. आणि त्यांच्यासमोर केळीच्या पानावर भाताचे छोटे छोटे वाटे मांडलेले, प्रत्येकावर माशाचा एकेक तुकडा. मी आनंदानं हाक मारली. आजोबांनी मान वर केली, शांतपणे डब्यातले मूठभर तांदूळ घेतले आणि माझ्या तोंडावर फेकले.

"जा बाबा. तुझा वाटा तिकडे कडेला ठेवलाय. खा आणि पुढच्या जन्माला लाग."

मावशी, त्यांच्या बॅटरीच्या रेडिओनं सांगितलं होतं की आमच्या शाळेवर गोळा पडला आणि आतलं कोणी उरलं नाही. (तो रेडिओ पलीकडचा लागतो, तिकडची गाणी चांगली असतात म्हणून आजोबा तोच ऐकतात.) दोन दिवस म्हातारा एकटा बसून आमच्या सगळ्यांच्या नावानं वाटे घालत होता. दुआनचा सगळ्यात मोठा, माशाच्या पोटाकडच्या तुकड्यासकट. थाविलकाकांचाही बरा होता. माझा कडेला, सगळ्यात लहान, शेपटीचा. पण होता.

मी म्हटलं, आजोबा, मी जिवंत आहे. ते म्हणाले, मेलेले सगळे असंच म्हणतात, आणि आणखी एक मूठ टाकली. मी नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, तुझंसुद्धा सांगितलं. ते म्हणाले, भुतांना नावं पाठ असतात. मी रागावलो, पाय आपटला, त्यावर म्हणाले, हा रागीटपणा तर अगदी खेमसारखा घेतलाय, शिकून आलेलं भूत दिसतंय. किती तांदूळ पडले म्हणून सांगू. माणसाला वाटतं तांदूळ डोक्यावर लग्नात पडावेत, आणि ते पडतात भूत समजून. शेवटी सोडवलं थुईनं. लहानपणी मी तिच्या पाठीवर बसायला गेलो होतो तेव्हापासून तिनं माझ्यावर डूख धरला आहे. ती दावं तोडून आली, शिंगं खाली घातली आणि मला तळ्यापर्यंत पळवत नेलं. मी पाण्यातून वर आलो तेव्हा आजोबा काठावर उभे होते आणि त्यांचे डोळे भरलेले होते.

"थुई भुताच्या मागे लागत नाही," ते म्हणाले. "बाकीचे?"

म्हटलं, सगळे आहेत. दुआन आहे. आजोबा खाली बसले. थोड्या वेळानं उठले आणि ते सगळे वाटे एकत्र करून माझ्यापुढे ठेवले. मी सगळ्या गावाचा भात खाल्ला, आणि वान्नाकाकूंच्या पुड्यातला त्यांनी खाल्ला. मग मी फोनवर त्यांचं चालतं-बोलतं चित्र घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा ते फोनकडे बघून हसले. थुईला सोडून यायला मात्र तयार होईनात. निघताना निरोप मागितला तर म्हणाले, दुआनला सांग, मी जेवलो, भाजलेला मासा आणि चिंचेच्या कोवळ्या पाल्याचं कालवण, आणि मीठ बेतानं घातलं होतं, तिच्यासारखं नाही. आणि मग आणखी एक वाक्य म्हणाले. ते वाक्य ऐकून माझं डोकं असं सणकलं की मी नमस्कार न करता गाडीला लाथ मारली. वाटेत ठरवलं की ते वाक्य सांगायचं नाही. बातमीदाराला थोडी काटछाट करायचा हक्क असतोच.

परत आलो तर भिक्षू ओळीनं बसलेले, ताटं वाढलेली, थाविलकाका हात जोडून. मी ओरडत शिरलो की आजोबा जिवंत आहेत, आणि फोन सगळ्यांसमोर धरला. मावशी, खऱ्या बातमीचे काय हाल होतात ते मी या डोळ्यांनी पाहिलं. एकजण म्हणाला, हे जुनं चित्र आहे, मागे दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर दिसतंय. (त्यावर म्हशीचं चित्र आहे म्हणून आजोबा ते काढतच नाहीत.) दुसरा म्हणाला, सदरा तोच, म्हणजे जुनंच. (त्यांना एकच सदरा आहे.) आजी म्हणाली, यंत्रानं बनवलंय, सावांग जन्मात कधी हसला नाही. टोपवाला पुढे येऊन गंभीरपणे म्हणाला की या चित्राला अजून दुजोरा मिळालेला नाही. आणि वान्नाकाकू डोळे पुसत म्हणाल्या, पोरा, तुझं मन समजतं, पण आकडा लागला ना रे. मी तिथे काय काय बोललो ते भिक्षूंसमोर बोलायला नको होतं. थाविलकाका माझ्याकडे असे बघत होते की त्यांना विश्वास ठेवायचा होता, पण हात जोडलेले सोडवत नव्हते.

तेवढ्यात दुआन आली. माझ्या केसांत तांदूळ, कपड्यांवर तळ्याचा चिखल. तिनं फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, जेवले? मी मासा सांगितला, चिंचेचा पाला सांगितला, मिठाचंही सांगितलं. तिचा ओठ हलला. पण तिच्या हातचं मीठ सगळ्या गावाला ठाऊक आहे, ते मीही बनवून सांगू शकलो असतो.

"आणखी काय म्हणाले?"

"आणखी काही नाही."

"खेम, आजोबा एवढ्यावर थांबणारे नाहीत."

मावशी, काय करू? एकीकडे ती उभी, जिच्यासाठी मी पंख्यासकट सगळं सोडलं. दुसरीकडे तिचा बाप, जो आधीच मला तिसरीत बसवतो. सांगितलं नाही तर तिचे आजोबा मेलेले राहतात. सांगितलं तर मी मरतो. शेवटी मान खाली घातली आणि भिक्षूंसकट सगळ्या छावणीसमोर सांगितलं: "म्हणाले, या पोराशी लग्न करू नकोस. ज्यानं कॉलेज अर्ध्यावर सोडलं तो संसारही अर्ध्यावर सोडील."

दुआन मटकन खाली बसली, तोंडावर हात घेऊन रडली, आणि रडता रडता हसायला लागली. वडिलांना म्हणाली, "बाबा, आजोबा आहेत. हे वाक्य खेम बनवून सांगणार नाही."

थाविलकाकांनी एक मोठा श्वास सोडला. म्हणाले, म्हातारा आहे. माझ्या लग्नाच्या आधीही तो माझ्याबद्दल हेच म्हणाला होता, फक्त तेव्हा कॉलेजच्या जागी बैल होते. मग त्यांनी माझ्या केसांतला तांदळाचा एक दाणा काढला. एकच काढला, पण काढला. मोठे भिक्षू म्हणाले, बसा, जेवण निवतंय; जिवंत माणसाच्या नावानं केलेलं पुण्य त्याला लवकर पोचतं, पत्ता शोधावा लागत नाही. आणि वान्नाकाकूंनी खीर वाढता वाढता सगळ्यांना ऐकवलं की आकडा उलटा लागला तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, बातमीच उलटी आहे म्हणून.

नंतर थाविलकाकांनी मला काम दिलं (तुला वेळच वेळ आहे, असं म्हणून) की ही बातमी निघाली कुठून ते शोध. मी शोधलं. छावणीला ती ग्रुपवरून कळली. ग्रुपवर टाकणाऱ्या बाईला ती तिच्या जावेकडून आली. टोपवाल्यानं ती ग्रुपवरून घेतली होती, जावेनं टोपवाल्याची ऐकून खात्री करून घेतली होती, आणि आजी म्हणत होती की दोन ठिकाणांहून ऐकलं म्हणजे खरंच. जावेच्याही मागे गेलो. मागे मागे जात मी बँकॉकच्या एका पुलाखाली पोचलो, मावशी, एका पपईच्या गाडीपाशी. सोमवारी रात्री तू त्या जावेला फोन करून विचारलं होतंस, थाविलचे सासरे मागेच राहिलेत ना, त्यांच्या घराकडे गोळाबिळा तर पडला नाही ना गं? काळजीनंच विचारलंस. पण विचारलेलं इथवर येईपर्यंत सांगितलेलं झालं, आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईनं ते तू रोज पाठवतेस त्या कमळांखाली लिहून टाकलं. मी हे कोणाला सांगितलेलं नाही. थाविलकाकांना सांगितलं की बातमीचा उगम सापडत नाही, फार वरून आलेली दिसते.

तेव्हा काळजी करू नकोस, आणि केलीस तर मोठ्यानं करू नकोस. काकांना नमस्कार, मांजराला धपाटा.

तुझा, बातमी पारखून मगच बोलणारा,
खेम

ता.क. लाल मिरचीचं वाटण संपलं आहे. बसनं एक बरणी पाठव.

ता.क. दुसरं. मिरचीचं तसं काही नाही. खरं काम असं की दुआनला मागणी घालायला कोणीतरी मोठं माणूस गेलं पाहिजे. आईबाबा थाविलकाकांसमोर घाम पुसत बसतील. तू ये. पण येण्याआधी एक कर. येत्या मंगळवारच्या गुलाबी कमळांखाली बारीक अक्षरात एवढंच टाक, की खेमनं कॉलेजात पुन्हा नाव घातलं, मास्तर त्याच्यावर खूश आहेत, आरोग्य लाभो. तू पाठवलेलं या भागात कोणी पडताळत नाही, हे वर सविस्तर लिहिलंच आहे. कॉलेजचा आकडाही टाकलास तर वान्नाकाकूंची जबाबदारी माझी.

ता.क. तिसरं, दुसऱ्या हातचं. मावशी, सादर नमस्कार. मी दुआन. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून आधी वाचून पाहिलं. बातमी वाचल्याशिवाय पुढे पाठवू नये असं आम्ही इथे शिकलो आहोत. तोफा नव्हत्या, ढग होते. धूर आजोबांच्या माशाचा होता. येताना मोटरसायकलचं पेट्रोल संपलं, म्हणून निम्मा रस्ता ती ढकलत आणली, हे त्यानं लिहिलेलं नाही. टीव्हीवाल्याची कॉलर धरली नव्हती, त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला होता. मी रडले नाही. थोडी रडले. भाताचे वाटे खरे आहेत, आजोबांनी नंतर फोन चालू करून मला सांगितलं. म्हैस खरी आहे. कॉलेजचं अजून खोटं आहे, तेव्हा कमळांखाली ते टाकू नका. नवं सत्र सुरू होईल, तो खरोखर वर्गात जाऊन बसेल, पंखा परत मिळवेल, तेव्हा मी स्वतः तुम्हाला फोन करीन. त्या दिवशी मात्र नक्की या. बाबा काही बोलणार नाहीत. आजोबा नाही म्हणतील. म्हणू द्या. त्यांनी नाही म्हटलं म्हणजे ते जेवलेत आणि ठणठणीत आहेत, हे सगळ्यांना कळेल.